बँकॉक एकट्याने, घड्याळ लावून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की मराठी वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत बँकॉक हमखास येते. मजकूरही ठरलेला: चार रात्री, पाच दिवस, त्यातल्या दोन पट्टायाला, उरलेल्या वेळात सोन्याचा बुद्ध, आडवा बुद्ध, एक सफारी पार्क आणि बोटीवरचे जेवण. एकट्याने निघालेल्याला यातले काही कामाला येत नाही. पुरुष असेल तर ‘बँकॉकला? एकटाच?’ म्हणून भुवया उंचावतात, बाई असेल तर घरचे काळजीने अर्धे होतात. खरे तर एकट्याने पायी, बोटीने आणि मेट्रोने भटकायला हे शहर फार सोयीचे आहे. स्थळांची यादी हातात धरून फिरले तर मात्र ते अंगावर येते. तिथे आधी घड्याळ बघावे: ऊन कधी चढते, बोट कधी बंद होते, कुठला बाजार कधी जागा असतो. म्हणून हे थोडे सविस्तर पत्र.

आधी शहराची ठेवण. १७८२ मध्ये राजधानी चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर आली तेव्हा तिथे रस्ते जवळपास नव्हतेच. माणसे, भात, लाकूड सगळे नदीतून आणि ‘ख्लोंग’ म्हणजे कालव्यांतून जायचे. गाडीरस्ता म्हणावा असा पहिला रस्ता, चारोएन क्रुंग, झाला तो थेट १८६०च्या दशकात. पुढे बरेच कालवे बुजवून रस्ते केले गेले, आणि भातशेतीच्या लांबट पट्ट्यांवर घरे उठली तेव्हा त्यांच्या गल्ल्या झाल्या. या गल्लीला तिथे ‘सॉय’ म्हणतात. दोन शेजारच्या सॉय आतून एकमेकींना मिळतीलच असे नाही. कित्येक सॉयचे दुसरे टोक बंद असते. म्हणून नकाशावर तीनशे मीटरवर दिसणारे हॉटेल पायी दीड किलोमीटर निघते, आणि शहरातली सगळी वाहने मोजक्या मोठ्या रस्त्यांवर येऊन तुंबतात. सॉयच्या क्रमांकांचीही गंमत आहे. रस्त्याच्या एका बाजूला विषम, दुसऱ्या बाजूला सम, पण दोन्ही बाजू एका गतीने वाढत नाहीत. सुखुमवित रस्त्यावर ५५ क्रमांकाच्या सॉयसमोर ३८ क्रमांकाची येते. ‘५४ समोरच असेल’ म्हणून रस्ता ओलांडणारा उन्हात चालतच राहतो.

यावर उपाय एकच, खोली घेतानाच स्थानकापासून चारपाचशे मीटरच्या आत आणि सॉयच्या तोंडाशी घ्यावी. पहिल्यांदा जाणाऱ्याने मेट्रोच्या निळ्या मार्गावरचा हुआ लाम्फोंग, वत मंगकोन, साम योत हा पट्टा बघावा. चायनाटाउन, भारतीय वस्ती आणि जुने शहर तिथून चालत होते. पाठपिशवीवाल्यांचा लाडका खाओ सान रस्ता स्वस्त आणि गजबजलेला आहे, पण तिथे मेट्रो नाही. नदीची बोट नाहीतर बस, आणि बोट संध्याकाळी बंद.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाला एक फायदा आहे, तो कोणी सांगत नाही. रोमन लिपीतल्या थाई नावांत टी, पी, के यांच्या पुढे एच दिसला की इंग्रज गोंधळतो. आपण सरळ थ, फ, ख म्हणावे, आणि तो फ ‘फळ’मधला, ओठ मिटून. ख्लोंग, था तियन, फाहुरत. एच नसेल तर त, प, क. उच्चार निम्मा तिथेच जमतो. शिवाय शब्द ओळखीचे निघतात. सुवर्णभूमी विमानतळ तर उघडच आहे. ‘सवातदी’ हा नमस्कार स्वस्तीवरून आला, दुकानाच्या पाटीवरचे ‘आहान’ म्हणजे आहार, रात्चावोंग म्हणजे राजवंश, आणि चौकातला ‘फ्रा फिखनेत’ म्हणजे आपला विघ्नेश. मात्र ही भाषा सुरांची आहे. उच्चार बरोबर असूनही सूर चुकला की टॅक्सीवाल्याला काही कळत नाही. म्हणून हॉटेलचे नाव, पत्ता आणि जवळचे स्थानक थाई लिपीत लिहून घेतलेली चिठ्ठी खिशात हवीच. फोनची बॅटरी संपली की तीच उपयोगी पडते.

आता बोट. बीटीएस, म्हणजे खांबांवरून धावणारी रेल्वे, तिच्या सफान ताक्सिन स्थानकाला लागूनच साथोर्न धक्का आहे. तिथे पोहोचल्यावर पहिल्या टेबलावर निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीचे दिवसभराचे तिकीट विकायला माणसे उभी असतात. ते वाईट नाही, पण गरजेचेही नाही. थोडे पुढे जाऊन केशरी झेंड्याच्या बोटीची रांग विचारावी. कुठेही उतरा, भाडे एकच, सध्या १६ बाट. एक बाट म्हणजे अडीच ते तीन रुपये धरावा. झेंडा बोटीच्या मागच्या बाजूला असतो, त्यामुळे बोट लागल्याशिवाय दिसत नाही. रंग पाहूनच चढावे, कारण पिवळ्या झेंड्याची बोट मोजक्याच धक्क्यांवर थांबते. धक्क्यांना क्रमांक आहेत: ५ रात्चावोंग, म्हणजे चायनाटाउन, ८ था तियन, म्हणजे वत फो हे आडव्या बुद्धाचे मंदिर (वत म्हणजे मंदिर), ९ था चांग, म्हणजे राजवाडा, १३ फ्रा आथित, म्हणजे खाओ सान. नावापेक्षा क्रमांक लक्षात ठेवणे सोपे.

बोट धक्क्याला लागते ती काही सेकंदच. मागच्या टोकाला उभा माणूस शिट्टीच्या खुणांनी चालकाला अंतर सांगतो. त्याच्या दोराच्या वाटेत उभे राहू नये, आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यावे आणि एकदा पाय उचलला की मध्ये थबकू नये. बोट आणि धक्का यांच्यात फट असते, लाटेने ती उघडझाप करते. घसरणारे बहुतेक जण चपलेमुळे आणि हातातल्या फोनमुळे घसरतात. बोटीत मागच्या बाजूची जागा भिक्खूंसाठी असते, तिथे बसू नये. सर्वात महत्त्वाचे म्हणजे परतीची वेळ. केशरी बोट संध्याकाळी सहा-सातच्या पुढे मिळेल असे धरून चालू नये. सूर्यास्ताचे फोटो काढत काठावर राहिलेला एकटा प्रवासी मग टुकटुकवाल्याच्या, म्हणजे तिथल्या रिक्षावाल्याच्या, तोंडी भावाला सापडतो. वास्तविक था तियनपासून सनाम चाय हे मेट्रो स्थानक चालत दहा मिनिटांवर आहे, पण २०१९ मध्ये सुरू झालेला मेट्रोचा हा भाग जुन्या माहितीपुस्तकांत सापडत नाही.

दुसरी बोट सेन सेप कालव्याची. पर्यटकांसाठी ती नाहीच. नोकरदारांची लोकल म्हणा. जुन्या शहराच्या बाजूने निघते, सियाम या मॉलच्या भागाजवळच्या हुआ चांग पुलाखालून प्रातुनामला जाते; पुढे पूर्वेकडे जायचे तर तिथे बोट बदलायची. भाडे अंतरानुसार, वीस बाटच्या आसपास. गर्दीच्या वेळी ज्या अंतराला रस्त्यावर पाऊण तास जातो ते ही बोट दहा-पंधरा मिनिटांत कापते. पाणी काळे आणि वासाचे आहे. समोरून बोट आली की लाट उसळते, म्हणून कडेच्या प्रवाशांनी दोरी ओढून ताडपत्री वर घ्यायची असते. कडेला बसलात तर ते काम तुमचे. पूल बुटके आहेत, त्यामुळे डोके आणि हात आत. भाडे घेणारा हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत येतो. वीसची नोट तयार ठेवावी.

दिवस कसा लावायचा, ते एका उदाहरणाने सांगतो. पाक ख्लोंग तलात हा फुलांचा बाजार रात्रंदिवस चालू असतो, पण माल उतरतो तो मध्यरात्रीनंतर. मध्यरात्री एकट्याने जाण्याची गरज नाही. मेट्रो सहाच्या सुमारास सुरू होते, सनाम चायला उतरावे. दादरचा फूलबाजार पाहिलेल्याला झेंडूचे ढीग नवे नाहीत. नवे आहे ते एकसारख्या आकाराची फुले निवडून ओवायचे कसब आणि मोगऱ्याचे बोटभर गजरे. सात-साडेसातला तिथेच नाश्ता करून आठला वत फोच्या दारात असावे. तिकीट ३०० बाट. ४६ मीटर लांबीच्या आडव्या बुद्धासमोर साडेनऊनंतर सहलींचे थवे येतात; आठ वाजता तो दालनभर एकटाच असतो. लोक तो बघून निघून जातात. मागचे स्तूप आणि भिंतींवरचे जुने शिलालेख बघायला तासभर ठेवावा.

राजवाडा बघायचा असेल तर तो वेगळ्या दिवशी, साडेआठला उघडताच. तिकीट ५०० बाट, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, घट्ट लेगिंग चालत नाही. दुपारी तिथल्या फरसबंद अंगणात उभे राहवत नाही, आणि साडेतीननंतर आत घेत नाहीत. मंदिरांच्या दारांचे उंबरे उंच असतात. ते ओलांडायचे, त्यांवर पाय द्यायचा नाही. बुद्धाकडे तळपाय करून बसू नये. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श होणार नाही एवढे अंतर ठेवावे, गर्दीच्या बोटीतही.

वत फोनंतर दहा वाजता था तियनहून पैलतीरी जाणारी छोटी नाव धरावी, भाडे पाचेक बाट. समोर वत अरुण. जवळून त्याच्या शिखरावरचे चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बघावेत. संध्याकाळचे दृश्य मात्र अलीकडच्या काठावरूनच चांगले. अकरा वाजले की उन्हाशी वाद घालू नये. बारा ते चार हा वेळ छपराखाली काढायचा. नॅशनल स्टेडियम स्थानकाशेजारचे बँकॉक कला व संस्कृती केंद्र वातानुकूलित आहे, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. नाहीतर सरळ खोलीवर झोप. तिथे दुपारी झोपणाऱ्याला कोणी नावे ठेवत नाही, आणि पुण्याच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

चारला पुन्हा निघून साम योत स्थानकावरून फाहुरत या भारतीय वस्तीत शिरावे. कापडाची दुकाने, गुरुद्वारा, मसाल्यांचा वास, चहा. तिथून कालव्यावरचा छोटा पूल ओलांडला की साम्फेंग गल्ली लागते, दोन माणसे जेमतेम जातील एवढी. त्यातून हातगाड्या आणि स्कूटरही जातात. ही दुकाने पाच-साडेपाचला फळ्या लावायला लागतात, म्हणून हा क्रम उलटा करू नये. गल्ली संपेपर्यंत अंधार पडतो आणि डाव्या हाताला, समांतर, याओवारात रस्त्यावर खाण्याच्या गाड्या लागलेल्या असतात. सोमवारी तिथे गाड्या कमी असतात. तो दिवस टाळावा. अंतर सगळे मिळून तीन किलोमीटरच्या आसपास. परत यायला वत मंगकोन स्थानक पाच मिनिटांवर.

खाण्याबद्दल पुरवण्या एकतर भारतीय उपाहारगृहांची नावे छापतात नाहीतर विंचू तळल्याचे फोटो. थाई घरगुती जेवण चारचौघांत वाटून खायचे असते, त्यामुळे मोठ्या हॉटेलात एकट्याची पंचाईत होते. पण त्यांच्याकडे ‘आहान चान दियाव’ म्हणजे एका ताटलीचे जेवण असा स्वतंत्र प्रकारच आहे: भातावर एक पदार्थ, पन्नास ते ऐंशी बाट, आपल्या राइस प्लेटसारखे. त्यासाठी गल्लीतली दुकाने किंवा मॉलमधले फूड कोर्ट बरे. फूड कोर्टमध्ये आधी पैसे भरून कार्ड घ्यायचे, उरलेले पैसे परत मिळतात. पण ते निघण्यापूर्वी घ्यावेत. खायचे चमच्याने, काटा डाव्या हातात, भात चमच्यावर ढकलण्यापुरता. काड्या फक्त नूडल्ससाठी. टेबलावर साखर, मिरचीपूड, मिरची घातलेला व्हिनेगर आणि मिरची घातलेले माशाचे पाणी असे चार डबे असतात. चव आपण लावून घ्यायची. ‘फात काफ्राव’ या सर्वात लोकप्रिय ताटलीतले पान म्हणजे आपली तुळस. माळकऱ्यांनी हे वाचून पुढच्या ओळीकडे जावे.

शाकाहाऱ्यांची अडचण मांसाने होत नाही, ते दिसते. अडचण होते ती न दिसणाऱ्या ‘नाम प्ला’ने, म्हणजे माशाच्या पाण्याने, शिवाय कालवांच्या सॉसने आणि ‘कापी’ या कोळंबीच्या वाटणाने. भाज्यांच्या ताटलीतही ती असतात. पपईच्या सोम तामात सुकी कोळंबी असते. ‘नो मीट’ सांगून उपयोग नाही. ‘मांगसविरत’ हा शब्द चालतो, तो मूळचा मांसविरतीच. पण त्यात अंडे धरले जाऊ शकते. खात्रीचा शब्द ‘चे’. पिवळ्या पताकेवर लाल रंगात लिहिलेली ही दोन अक्षरे आपल्या डोळ्यांना इंग्रजी १७ सारखी दिसतात. चिनी बौद्ध परंपरेतले हे जेवण: मांस, मासे, अंडी, दूध नाही, वर कांदा-लसूणही नाही. जैन वाचकांना कंदमुळांपुरती चौकशी करावी लागेल. चायनाटाउनमध्ये चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस या पताका रस्ताभर लागतात. बहुतेक वर्षी ते आपल्या नवरात्राचेच दिवस असतात, आणि तेव्हाच सीलोम रस्त्यावरच्या मरिअम्मन मंदिरातही नवरात्र चालू असते. शाकाहारी माणसाने जायचे तर हाच पंधरवडा, पावसाची तयारी ठेवून.

फसवणुकीचे प्रकार थोडे आणि जुने आहेत. राजवाड्याच्या भिंतीशी नीटनेटक्या कपड्यातला माणूस सांगतो की आज धार्मिक सुट्टी आहे, राजवाडा दुपारी उघडेल. तोवर वीस-चाळीस बाटमध्ये टुकटुक तुम्हाला इतर मंदिरे दाखवेल. ती फेरी खड्यांच्या आणि शिंप्यांच्या दुकानांत संपते, कारण टुकटुकवाल्याला तिथून पैसे मिळतात. राजवाडा उघडा आहे की नाही हे तिकीटखिडकीशी जाऊनच बघावे. पातपोंग या बारच्या गल्लीत वरच्या मजल्यावरचा ‘फुकट’ कार्यक्रम बिलाच्या वेळी फुकट राहत नाही, आणि एकट्याला दार अडवणे सोपे असते. टॅक्सीच्या काचेत लाल दिवा असेल तर ती रिकामी आहे. ‘मीटर’ म्हणावे, नाही म्हणाला तर पुढची बघावी. दुपारी तीन-चारला चालक बदलतात, तेव्हा नकार जास्त येतात, त्यात राग मानण्यासारखे काही नाही. केशरी जाकिटातले मोटरसायकलवाले सॉयच्या तोंडाशी उभे असतात. लांब सॉयमध्ये शिरायला तेच सोयीचे, एकट्याला तर फारच. हेल्मेट मागून घ्यावे. मोठ्या रस्त्यावर लांबचा पल्ला त्यांच्याबरोबर करू नये, आणि प्रवासविम्यात दुचाकी धरली आहे का ते आधी वाचावे.

सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात यायला रेल्वे आहे: फाया थायपर्यंत ४५ बाट, अर्धा तास, मध्यरात्रीपर्यंत. उशिरा उतरलात तर पहिल्या मजल्यावरच्या यंत्रातून टॅक्सीची चिठ्ठी घ्यावी. मीटरवर ५० बाट जास्त आणि टोल आपला. मेट्रोच्या फाटकावर व्हिसा-मास्टरकार्ड टेकवून जाता येते, पण परदेशी व्यवहार बँकेच्या अॅपमध्ये निघण्यापूर्वी सुरू केलेले हवेत. बीटीएस ही निराळी व्यवस्था, तिकीट निराळे. आणि एकमेकांना जोडलेल्या स्थानकांची नावेही निराळी. मेट्रोचे सुखुमवित म्हणजे बीटीएसचे असोक, सीलोम म्हणजे साला देंग. एटीएम दर वेळी २२० बाट किंवा जास्त कापते. म्हणून एकदाच मोठी रक्कम काढावी, आणि ‘रुपयांत रूपांतर करू का’ या प्रश्नाला नाही म्हणावे. गाड्यांवर क्यूआर लावलेले दिसतात, म्हणून आपले अॅप चालेल असे धरून चालू नये. वीस, पन्नास, शंभरच्या नोटा जवळ हव्यात. नोट पडली तर पायाने अडवू नये, तिच्यावर राजा असतो. राजघराण्याबद्दल विनोद तर मुळीच नको, तिथे तो फौजदारी गुन्हा होऊ शकतो. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागले की लोक जागच्या जागी थांबतात, आपणही थांबावे.

१ मे २०२५ पासून तिथे उतरण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. ते फुकट आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे. व्हिसाचे नियम वारंवार बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी दूतावासाचे पान पाहावे. पुरवणीतल्या मजकुरावर, या पत्रावरसुद्धा, विसंबू नये. ई-सिगारेट नेऊ नये, ती बेकायदा आहे. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, रुग्णवाहिकेचा १६६९.

शेवटी आपल्याकडे एक तक्रार. बँकॉकवरच्या मजकुरासोबत ‘शहरातला तरंगता बाजार’ म्हणून जे चित्र छापले जाते, ते बहुधा दामनोएन सदुआकचे असते. ते बँकॉकमध्ये नाही. राचबुरी प्रांतात, शंभरेक किलोमीटरवर आहे. एकट्याने जायचे तर जाऊन-येऊन अर्धा दिवस व्हॅनमध्ये जातो आणि पोहोचेपर्यंत दहा वाजतात, म्हणजे सगळ्या सहली तिथे आलेल्या असतात. पुढच्या पुरवणीत त्या चित्राखालची ओळ तरी दुरुस्त करावी, आणि जागा उरली तर तिथे बोटींच्या धक्क्यांचे क्रमांक छापावेत.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे